दशांश चिन्हानंतरचे आकडे : ठाण्यातील बीसीआर-एबीएल तपासणीसेवेचे परीक्षण

ठाण्यात नौपाडा आणि पाचपाखाडी या भागांत रक्ततपासणीची केंद्रे इतकी झाली आहेत की साखर, थायरॉइड किंवा व्हिटॅमिन डी यांसाठी घराजवळचे कोणतेही केंद्र निवडले तरी फारसे बिघडत नाही. हे परीक्षण मात्र त्यांच्या दरपत्रकाच्या शेवटच्या पानावर असणाऱ्या एका तपासणीचे आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगात रोगी पेशींचा अंश किती उरला आहे हे जनुकीय पातळीवर मोजणारी ही तपासणी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘बीसीआर-एबीएल क्वांटिटेटिव्ह’ अशी लिहिलेली असते. माझ्या सासूबाईंना २०२१ च्या पावसाळ्यात हे निदान झाले आणि तेव्हापासून आम्ही ही सेवा एका मोठ्या खासगी प्रयोगशाळेकडून घेत आहोत. तिचे संकलन केंद्र ठाण्यात आहे आणि मुख्य प्रयोगशाळा नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात. तिचे नाव मी देत नाही, कारण माझ्या तक्रारी ज्या गोष्टींविषयी आहेत त्या कुठल्याही लॅबमध्ये घडू शकतात, आणि ज्या कसोट्यांवर मी तिला तोलले त्या वाचकाला आपल्या लॅबलाही लावून पाहता येतील.

तपासणी नेमके काय शोधते हे ठाऊक असल्याशिवाय सेवेचे गुणदोष कळणार नाहीत, म्हणून थोडे त्याविषयी. सीएमएलमध्ये अस्थिमज्जेतील एका मूळपेशीत ९ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत अदलाबदल होतात. त्यामुळे ९ वरचे एबीएल हे जनुक २२ वरच्या बीसीआर या जनुकाला जाऊन चिकटते, आणि या जोडजनुकापासून बनणारे प्रथिन पेशीला ‘वाढ, वाढ’ असा आदेश अखंड देत राहते. अदलाबदलीनंतर आखूड झालेले २२ वे गुणसूत्र १९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना दिसले, म्हणून ते फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणून ओळखले जाते. हा तुकडा जातो कुठे, याचा उलगडा जॅनेट रौली यांनी १९७३ मध्ये केला. इमॅटिनिब हे औषध नेमका याच प्रथिनाला अटकाव करते. तेव्हा निदान, औषधाचा परिणाम आणि रोग पुन्हा डोके वर काढतो आहे का याची पाळत, हे सगळे त्या एका जोडजनुकाच्या मागावर राहण्यावर अवलंबून आहे. गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच साध्या सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी जागेवर येतात आणि वाढलेली पाणथरी (प्लीहा) उतरते. घरच्यांना वाटते, संपले. खरा हिशेब तिथून पुढे सुरू होतो, आणि तो सीबीसीला दिसत नाही.

सेवेची पहिली परीक्षा नोंदणीच्या खिडकीवर होते, आणि तिथे आमच्या केंद्राला मी फारसे गुण देणार नाही. संगणकावर ‘बीसीआर-एबीएल’ एवढे टाइप केले की चार-पाच नावे उघडतात: क्वालिटेटिव्ह, क्वांटिटेटिव्ह, फिश, म्युटेशन ॲनालिसिस. पहिल्या खेपेस काउंटरवरच्या मुलीने अगदी आत्मविश्वासाने सांगितले की फिश आणि क्वांटिटेटिव्ह या दोन्ही एकच असून फिशचा रिपोर्ट लवकर येतो, तर तेच करून घ्यावे. चिठ्ठीवर ठळक अक्षरात लिहिलेले असताना हा सल्ला द्यायचे तिला काहीच कारण नव्हते. मी आग्रह धरला, तेव्हा तिने मुख्य कार्यालयात फोन लावला आणि मग योग्य तपासणी नोंदवली गेली. चिठ्ठी हातात नसती किंवा कोणी वयस्क माणूस एकटेच आले असते, तर हजारो रुपये भरून भलताच रिपोर्ट घरी आला असता.

या तपासण्या एकच नाहीत, आणि त्यांच्यातला फरक त्या किती खोल पाहू शकतात याचा आहे. कॅरिओटाइप या पद्धतीत अस्थिमज्जेतील विभाजन पावणाऱ्या पेशींची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली मांडून पाहतात. साधारणपणे अशा २० पेशी तपासल्या जातात, म्हणजे रोगी पेशींचे प्रमाण विसात एकापेक्षा कमी असेल तर त्या सहज निसटतात. मात्र फिलाडेल्फियाखेरीज गुणसूत्रांत आणखी काही बिघाड झाले आहेत का, हे तीच सांगते, म्हणून निदानाच्या वेळी ती लागतेच. फिशमध्ये बीसीआर आणि एबीएल या जनुकांना वेगवेगळ्या रंगांचे चमकणारे संकेतक जोडतात आणि दोन रंग एकत्र आलेल्या पेशी मोजतात. दोनशे किंवा त्याहून अधिक पेशी पाहिल्या जात असल्यामुळे ती शंभरात एकाच्या आसपास पोहोचते, त्याखाली मात्र तिचा भरवसा राहत नाही. क्वांटिटेटिव्ह पीसीआर, म्हणजे आमच्या चिठ्ठीवरची तपासणी, पेशी मोजतच नाही. ती जोडजनुकापासून निघालेल्या आरएनएच्या (जनुकाचा निरोप वाहणाऱ्या रेणूच्या) प्रती मोजते आणि दहा हजारांत एक, उत्तम नमुना असेल तर लाखात एक, इतक्या खोलवर उतरते. ज्या रुग्णाचा रोग हजारात एकाच्या खाली दाबला गेला आहे, त्याला फिशचा ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट देणे म्हणजे किराणा दुकानाच्या वजनकाट्यावर सोने तोलून देणे.

आता नमुना घेण्याविषयी, कारण माझ्या मते या सेवेचा निम्मा दर्जा तिथेच ठरतो. आमच्या केंद्रात रक्त काढणारे जे गृहस्थ आहेत, ते या कामात वाकबगार आहेत. सासूबाईंच्या शिरा पहिल्यापासूनच बारीक. सुई टोचून शीर सापडली नाही तर आत फिरवत बसणारे लोकही आम्ही पाहिले आहेत. हे गृहस्थ आधी हात कोमट पाण्याने धुऊन यायला सांगतात, “मावशी, मूठ आवळा, आता सैल सोडा” असे म्हणत शांतपणे शीर चाचपतात आणि एका टोचण्यात काम संपवतात. जांभळ्या टोपणाच्या, म्हणजे ईडीटीए असलेल्या, दोन नळ्या भरल्यावर ते प्रत्येक नळी आठ-दहा वेळा अलगद उलटीसुलटी करतात. जोराने हलवत नाहीत. नाव, वय आणि वेळ यांचे लेबल रुग्णासमोरच चिकटवतात आणि सासूबाईंना वाचून दाखवतात. एकदा त्यांच्या जागी आलेल्या नवख्या मुलाने हिरव्या टोपणाची नळी उचलली होती. हिरव्या नळीत हेपारिन असते, ते गुणसूत्रांच्या कॅरिओटाइपसाठी ठीक आहे, पण पीसीआरच्या रासायनिक क्रियेत ते अडथळा आणते. शेजारच्या ताईंनी वेळीच टोकले म्हणून निभावले. केंद्रात प्रशिक्षण आहे, पण ते माणसागणिक आहे, असा याचा अर्थ मी घेतला.

नळी भरली म्हणजे काम झाले असे नाही. आरएनए हा नाजूक पदार्थ आहे. रक्त शरीराबाहेर आल्यापासून तो तुटू लागतो, म्हणून नमुना थंड ठेवून, पण गोठू न देता, शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. आमच्या केंद्रातून दिवसाला ठरलेल्या वेळी दुचाकीवरून माणूस येतो, जेलपॅक घातलेल्या पेटीत सगळे नमुने भरतो आणि ठाणे-बेलापूर रस्त्याने प्रयोगशाळेकडे नेतो. पेटीत नळी आणि जेलपॅक यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा थर आहे का, हे मी एकदा विचारले तेव्हा त्याने झाकण उघडून दाखवले, होता. इथपर्यंत व्यवस्था चोख आहे. मात्र शनिवारी दुपारनंतर दिलेला नमुना सोमवारपर्यंत केंद्राच्या फ्रिजमध्येच पडून राहतो, आणि ही गोष्ट पैसे घेताना कोणीही सांगत नाही. उलट नोकरी करणाऱ्यांच्या सोयीसाठी ‘शनिवारी संध्याकाळी उशिरापर्यंत सेवा उपलब्ध’ अशी पाटी बाहेर झळकत असते. साखरेसाठी ती सोय असेल; या तपासणीसाठी तो सापळा आहे. जुलैमध्ये धो धो पाऊस लागून ऐरोली-रबाळे पट्टा तुंबला की हाच प्रकार आठवड्याच्या मधल्या दिवशीही होऊ शकतो. त्यामुळे आम्ही आता नमुना सोमवार ते बुधवार याच दिवसांत, सकाळी पहिल्या फेरीआधी देतो, आणि मुसळधार पावसाचा इशारा असेल तर आठवडा पुढे ढकलतो. तीन महिन्यांच्या अंतराने होणाऱ्या तपासणीत आठवड्याच्या फरकाने काही बिघडत नाही, असे आमच्या रक्तविकारतज्ज्ञांनी सांगितले आहे.

रिपोर्टच्या दर्जाबाबत ही प्रयोगशाळा माझ्या पाहण्यातल्या इतरांपेक्षा उजवी आहे. रिपोर्टवर पहिली गोष्ट पाहायची ती टक्केवारीपुढची ‘आयएस’ ही अक्षरे. प्रत्येक लॅबची यंत्रे, रसायने आणि हिशेब वेगळे असल्याने एकाच रक्ताचे उत्तर दोन ठिकाणी वेगळे येते. यावर उपाय म्हणून इंटरनॅशनल स्केल ठरवले गेले. इमॅटिनिबच्या आयरिस या मोठ्या चाचणीतील, उपचार सुरू न झालेल्या ३० रुग्णांच्या नमुन्यांवरून काढलेली मूळ पातळी १०० टक्के धरायची, आणि प्रत्येक लॅबने संदर्भ-प्रयोगशाळेशी नमुने पडताळून मिळवलेल्या गुणकाने आपला आकडा त्या मापात बदलून द्यायचा, अशी ती पद्धत आहे. म्हणूनच ०.१ टक्का याचा अर्थ ‘हजार पेशींमागे एक रोगी पेशी’ असा शब्दशः घ्यायचा नसतो. मूळ पातळीपेक्षा रोग हजारपट खाली आला, असा तो घ्यायचा असतो. निदानाच्या वेळचा आकडा शंभराच्या वर गेलेला पाहून आमच्या घरात ‘शंभरावर टक्के कसे?’ म्हणून गोंधळ उडाला होता, तो या माहितीनेच मिटला.

आमच्या घरातले आकडे सांगते, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. युरोपियन ल्युकेमियानेट या तज्ज्ञगटाने घालून दिलेले टप्पे असे आहेत की आयएसवरचा आकडा तीन महिन्यांनी १० टक्के किंवा कमी, सहा महिन्यांनी १ टक्का किंवा कमी आणि वर्षाने ०.१ टक्का किंवा कमी असावा. सासूबाईंचा तिसऱ्या महिन्याचा आकडा ६.८ आला, सहाव्याचा ०.७४. वर्षाच्या शेवटी मात्र तो ०.१६ वर अडला, म्हणजे ‘उत्तम’ आणि ‘अपयश’ यांच्या मधल्या, लक्ष ठेवण्याच्या पट्ट्यात. डॉक्टरांनी गोळ्या रोज वेळेवर घेतल्या जातात का याची चौकशी केली आणि तीन महिने थांबायला सांगितले. पुढची तपासणी सासूबाई पुण्याला माझ्या नणंदेकडे असताना तिथल्या एका लॅबमध्ये झाली आणि आकडा आला ०.३१. दुप्पट! नणंदेने रात्री फोन केला तेव्हा तिचा आवाज थरथरत होता. तो रिपोर्ट मी मोबाइलवर मोठा करून वाचला, तर त्यावर कुठेही आयएसचा उल्लेख नव्हता, गुणक नव्हता आणि पद्धतीचे नावही अर्धवट होते. डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला. त्यांचे म्हणणे असे की दोन मापांची तुलना होऊ शकत नाही, आणि एकाच लॅबमध्येसुद्धा दुपटीच्या आतबाहेरचा चढउतार पद्धतीच्या स्वाभाविक फरकात मोडू शकतो. निर्णय एका आकड्यावर न घेता ओळीने आलेल्या आकड्यांवर घ्यायचा. ठाण्यात परतल्यावर जुन्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासले, आकडा ०.०८ होता. औषध बदलण्याचा विषय तिथेच संपला. तेव्हापासून सासूबाई नातेवाइकांकडे जाण्याचे बेत तपासणीच्या तारखा पाहून आखतात, हा या सेवेचा एक अनपेक्षित परिणाम.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे एबीएलच्या प्रतींची संख्या. नमुन्यात मुळात पुरेसा आरएनए होता का, याची ती ग्वाही असते. ‘सापडले नाही’ हे शब्द १०,००० प्रती तपासून लिहिले असतील तर त्यांचे वजन वेगळे आणि ३२,००० हून अधिक प्रती तपासून लिहिले असतील तर वेगळे. पहिल्या बाबतीत रोग मूळ पातळीच्या दहा हजारपट खाली आहे एवढेच म्हणता येते, ज्याला डॉक्टर एमआर-४ म्हणतात; दुसऱ्या बाबतीत ०.००३२ टक्क्यांपर्यंतची, म्हणजे एमआर-४.५ ची, ग्वाही देता येते. आमची प्रयोगशाळा ही संख्या दर वेळी छापते, जोडजनुकाचा प्रकारही छापते, आणि इथे तिने माझा विश्वास कमावला असे म्हणायला हवे. एका खेपेस प्रतींची संख्या दहा हजारांच्याही खाली गेली, तेव्हा टक्केवारी छापून हात झटकण्याऐवजी त्यांनी स्वतः फोन करून नमुना अपुरा असल्याचे सांगितले आणि दुसरा नमुना विनाशुल्क तपासला. फोनवरच्या डॉक्टर बाईंनी मला नमुना कोणत्या वारी दिला होता हे विचारले. शनिवारीच दिला होता. त्यांनी ते नोंदवून घेतले, पाटी मात्र अजून तशीच आहे.

रिपोर्टच्या मांडणीविषयी माझी एक गंभीर तक्रार आहे. आकडा ०.०२ असो की ६.८ असो, वर ठसठशीत लाल अक्षरांत ‘डिटेक्टेड’ असे छापलेले असते, आणि त्याच्या आधी मोबाइलवर संदेश येतो की आपल्या रिपोर्टमधील काही मूल्ये असामान्य आहेत, कृपया डॉक्टरांशी संपर्क साधा. ज्या बाईचा रोग पाच हजारपट खाली आला आहे, जिने अभिनंदन घ्यायला हवे, ती लाल रंग पाहून देवापुढे बसते. संगणकाच्या दृष्टीने ‘आढळले’ म्हणजे लाल, हे मी समजू शकते. पण हजारो रुपये घेणाऱ्या सेवेला एवढे बदलून घेता येऊ नये? उपचाराचा टप्पा कोणता, मागचे आकडे कोणते आणि हा आकडा त्यांत कुठे बसतो, याचा एक छोटा आलेख रिपोर्टच्या तळाशी दिला तर रुग्णाची निम्मी झोप परत येईल. मी असा आलेख वहीत हाताने काढते आणि डॉक्टर तो रिपोर्टच्या आधी पाहतात.

‘जनुकीय तपासणी’ हे नाव ऐकून होणाऱ्या गैरसमजाबद्दलही लॅबने काही करायला हवे. सासूबाईंचे निदान कळल्यावर एका नातेवाईक बाईंनी हळूच विचारले की आमच्या मुलीचीही तपासणी करून घेतली का, कारण पुढे स्थळे बघायची आहेत. सीएमएल आनुवंशिक नाही. गुणसूत्रांची ही अदलाबदल रुग्णाच्या आयुष्यात, रक्ताच्या मूळपेशीत घडते. ती आईवडिलांकडून आलेली नसते आणि मुलांकडे जातही नाही. संमतीपत्रावर कुटुंबातील आजारांचा रकाना असतो, पण त्याखाली हे एक वाक्य मराठीत छापलेले नसते. काउंटरवर विचारले तर “डॉक्टरांना विचारा” एवढेच उत्तर मिळते.

पैशांचे म्हणाल, तर शेवटच्या वेळी एका तपासणीचे आम्ही साडेपाच हजार रुपये भरले, आणि आमच्या विमा पॉलिसीत बाह्यरुग्ण तपासण्या बसत नसल्याने ते खिशातून गेले. इमॅटिनिबच्या ज्या भारतीय गोळ्या सासूबाई घेतात, त्यांचा महिन्याचा खर्च याहून कमी आहे. या औषधाच्या एका रूपावर पेटंट मागणारी नोव्हार्टिस कंपनीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळली आणि स्वस्त भारतीय गोळ्यांची वाट मोकळी राहिली; पण औषध स्वस्त असून ते लागू पडते आहे का हे पाहणे महाग, अशी परिस्थिती अनेक घरांत आहे. काही जण म्हणूनच तपासणी वर्षातून एकदाच करतात. तो मोह समजतो, तरी सुरुवातीच्या काळात तीन-तीन महिन्यांचे अंतर पाळण्याला पर्याय नाही. ०.१ टक्क्याच्या खाली स्थिर झाल्यावर ते तीन ते सहा महिन्यांवर नेता येते, अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्याने.

पैसे खर्च करायचेच नाहीत अशा ठिकाणी मात्र केंद्राने ते काढायचा प्रयत्न केला. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजचा आग्रह प्रत्येक वेळी होतो, त्याची आता सवय झाली आहे. ‘सोबत म्युटेशन ॲनालिसिस घ्या, सवलत आहे’ हा आग्रह अधिक आक्षेपार्ह आहे. ती तपासणी औषध लागू पडेनासे झाले, आकडा चढत गेला, तर एबीएलच्या भागात टी३१५आय यांसारखा बदल झाला आहे का हे पाहण्यासाठी असते. त्या एका बदलापुढे इमॅटिनिबच नव्हे, तर दासाटिनिब आणि निलोटिनिब ही त्याच गटातील नंतरची औषधेही निष्प्रभ ठरतात, म्हणून वेळ आली तर ती अतिशय मोलाची. पण जोडजनुकाचे प्रमाण हजारात एकाच्या खाली असताना जनुकाची अक्षरे वाचण्याच्या नेहमीच्या सँगर पद्धतीने वाचण्यासारखे त्यात काही उरतच नाही. सवलतीत घेतलेला तो रिपोर्ट कोरा येण्याचीच शक्यता अधिक.

पर्यायांचा विचार करणाऱ्यांसाठी थोडे. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचे ॲक्ट्रेक आहे आणि रक्ताच्या कर्करोगांच्या निदानासाठी तिथली प्रयोगशाळा नावाजलेली आहे. ज्यांचे उपचार टाटाकडे चालू आहेत त्यांनी तपासणीसाठी बाहेर जाण्याचे मला कारण दिसत नाही. आमचे डॉक्टर ठाण्यातले, म्हणून आमचा मार्ग वेगळा. काही ठिकाणी क्षयरोगाच्या तपासणीसाठी वापरतात त्याच जातीच्या यंत्रात, बंद काडतुसात रक्त घालून, काही तासांत आयएसवरचा आकडा देणारी सोय असते. ती सोयीची आहे आणि माणसाच्या हाताळणीतून होणाऱ्या चुका कमी करते. मात्र नेहमीचे काडतूस ई१३ए२ आणि ई१४ए२ हे दोन प्रचलित प्रकारच ओळखते. फार थोड्या रुग्णांत जोडजनुकाचा प्रकार वेगळा असतो आणि त्यांचा रोग तिथे चक्क ‘नाही’ असा दिसू शकतो. तेव्हा निदानाच्या वेळचा, प्रकार लिहिलेला पहिला रिपोर्ट जपून ठेवावा आणि लॅब कोणतीही असो, त्याची प्रत सोबत द्यावी.

प्रतीक्षालयात एकदा ज्या गृहस्थांशी ओळख झाली, त्यांना क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल होता आणि त्यांना माझा सल्ला जसाच्या तसा लागू नव्हता. त्या रोगात सर्वांना सामाईक असे एक जोडजनुक नसते. तिथे फिशलाच महत्त्व आहे: १३, ११ आणि १७ या गुणसूत्रांचे तुकडे गळाले आहेत का, १२ वे गुणसूत्र तीनदा आले आहे का, हे पाहिले जाते. १७ व्याचा तुकडा गळालेला असेल किंवा त्यावरच्या टीपी५३ जनुकात बिघाड असेल, तर जुन्या पद्धतीची केमोथेरपी फारशी उपयोगी पडत नाही आणि डॉक्टर दुसरी औषधे निवडतात. हा दोष पुढेही उद्भवू शकतो, म्हणून उपचार बदलण्याआधी तपासणी पुन्हा करावी लागते. आयजीएचव्ही ही, रोगी पेशींतील प्रतिपिंडाच्या जनुकात बदल झाले आहेत का हे पाहणारी तपासणी मात्र एकदा झाली की पुरे, कारण तिचे उत्तर बदलत नाही. त्या गृहस्थांनाही काउंटरवर ती ‘दर वर्षी करून घ्या’ असे सांगण्यात आले होते.

गुण द्यायचे झाले तर नवी मुंबईतल्या प्रयोगशाळेला मी पाचपैकी साडेचार देईन, रिपोर्टच्या मांडणीला तीन, आणि ठाण्यातल्या संकलन केंद्राला अडीच. तेही रक्त काढणाऱ्या त्या गृहस्थांमुळे. लॅब बदलण्याचा आमचा विचार नाही. ओळीने एका मापात आलेले आकडे हीच आमची जमा आहे आणि ती मध्येच मोडणे परवडणारे नाही. ज्यांना नव्याने सुरुवात करायची आहे त्यांनी पैसे भरण्याआधी काउंटरवर चार गोष्टी विचाराव्यात: आकडा आयएसवर देता का, एबीएलच्या प्रती छापता का, नमुना इथून किती वाजता निघतो आणि नमुना अपुरा ठरला तर पुन्हा पैसे घेता का. उत्तरे अडखळत आली तरी चालेल, मुख्य प्रयोगशाळेला फोन करून नीट आली म्हणजे झाले.

आमच्यापुढचा प्रश्न आता निराळा आहे. सासूबाईंचा आकडा दीड वर्षापासून ०.००३२ च्या खाली आहे. इमॅटिनिबची किमान पाच वर्षे आणि इतक्या खोल पातळीवरची किमान दोन वर्षे पूर्ण झालेल्या निवडक रुग्णांत गोळ्या थांबवून पाहता येतात. थांबवलेल्यांपैकी साधारण निम्म्यांत रोग परततो, बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांतच, आणि गोळ्या लगेच सुरू केल्या तर तो पुन्हा आटोक्यात येतो. पण त्यासाठी पहिले सहा महिने दरमहा आणि पुढचे सहा महिने दर दोन महिन्यांनी हीच तपासणी करावी लागते, आणि रिपोर्ट वेळेवर हातात पडावा लागतो. आमच्या लॅबने पाच कामकाजाचे दिवस सांगून त्याहून अधिक वेळ लावल्याची उदाहरणे आहेत. तीन महिन्यांच्या अंतरात ते खपून गेले, दरमहाच्या पाळतीत खपणार नाही. मी मुख्य प्रयोगशाळेला पत्र लिहून दोन गोष्टी मागितल्या आहेत, वर्षभराच्या तपासण्यांचा एकत्रित सवलतीचा दर आणि रिपोर्टच्या मुदतीची लेखी हमी. दराबाबत होकार दुसऱ्याच दिवशी आला. मुदतीबाबत ‘विचाराधीन’ असे उत्तर आहे, आणि ते लेखी हाती येईपर्यंत गोळ्या थांबवण्याची तारीख ठरवायची नाही, असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले आहे.